उघड्या डोक्याने घरी

परळ, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८१५

तात्या, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षे झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची आधी क्षमा मागतो. दरसाल श्राद्धाला पान वाढतो, कावळ्याची वाट पाहतो. पण तेव्हा भटजी असतात, मुले असतात, बोलणे असे होत नाही. आज बसलो आहे तो एका जुन्या खोट्यापायी. तुम्ही इस्पितळातून घरी आलात त्या दिवशी मी तुमच्याशी खोटे बोललो. तेव्हा निभावले. परवा मात्र आमच्या फाटकाशी एक माणूस दिवसभर बसून राहिला आणि मला माझे तोंड लपवायला जागा उरली नाही.

मी आता परळच्या एका इस्पितळात हेडक्लार्क आहे. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता तुम्ही मला कॉलेजात घातलेत, त्याचे फळ एवढे झाले. पूर्वी इथे रोग्यांचे कपडे कोपऱ्यात टाकून देत. कुणाचे धोतर कुणाच्या अंगावर जाई, तर कुणाचे मुळी सापडतच नसे. मी आल्यावर व्यवस्था बसवली. रोगी आला की त्याचे कपडे उकळून, उन्हात वाळवून, गाठोडे बांधून, पत्र्याचा बिल्ला लावून कोठीत ठेवायचे. डॉक्टरसाहेबांनी चार लोकांसमोर वाहवा केली, आणि ती मी रोजनिशीत उतरवूनही ठेवली आहे. त्याच व्यवस्थेत एक कलम माझ्या हातचे आहे: डोक्याचे वस्त्र ठेवून घेऊ नये; उवा पसरतात, जागाही अडते; ते नातलगांबरोबर घरी परत पाठवावे. सोडण्याच्या दिवशी नातलग ते घेऊन येतीलच, असे मी खाली लिहिले. हे मी लिहिले, तात्या, मी! आणि लिहिताना हात अडखळला नाही.

परवाचा माणूस लालबागच्या चाळीतला, मालवणाकडचा गिरणीवाला. पट्ट्यात हात सापडून महिनाभर आमच्याकडे होता. सकाळी डॉक्टरसाहेब फेरीला आले, हात बघितला, 'जा घरी' म्हणाले. दहा वाजता खाट रिकामी करायची हा आमचा शिरस्ता. बायको सूत गुंडाळायच्या कामावर. तिला कोण सांगणार? गाठोडे घेऊन, धोतर-बंडी अंगात घालून तो फाटकापर्यंत गेला आणि तिथे पायरीवर जो बसला तो उठेना. पहारेकऱ्याने आधी थट्टा केली, "काय जावईबापू, मेणा यायचाय काय?" मग दरडावले. मग मला बोलावले.

मी विचारले, "का रे, जात का नाहीस?"

"बोडको कसो जाव, सायबानू?" तो म्हणाला. "घरात म्हातारी आवस आसा. तिचो धाकलो झील औंदा पावसात गेलो. माका असो बघल्यान तर तिका वाटात, मी आणखी कोणाक तरी जाळून इलंय."

"मग काही तरी बांध डोक्याला."

"काय बांदू? धोतर सोडून बांदू काय?"

पहारेकरी खो खो हसला. मीही हसलो असेन. म्हणालो, "नियम आहे, बाबा," आणि वर आलो. तासाभराने शिपायाकरवी गिरणीत निरोप धाडला, पण भोंगा होईतो तिला सोडीनात. माझ्या मेजाजवळच्या खिडकीतून ती पायरी दिसते. ऊन सरकेल तसा तो सरकत होता, दुखरा हात मांडीवर ठेवून. माझ्या डोक्यावर पागोटे होते. ते काढून त्याला द्यावे असे मनात आले नाही असे म्हणता येणार नाही. आले. पण खोलीत तीन कारकून होते.

दिवेलागणीला त्याची बायको धावत आली, चाळीत जाऊन मुंडासे घेऊन. त्याला एका हाताने बांधता येईना, म्हणून तिनेच त्याच्यापुढे उभी राहून वेढे दिले, शेवट खोचला, जरा मागे सरून पाहिले. मी खाली उतरलो होतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सायबानू, आज सोडतलास ह्यां काल कळवलां असतां, तर सकाळीच मुंडासां हंय ठेवन मगे कामार गेलंय असतंय. येवढीच गजाल." रागावली असती तर बरे झाले असते. ती मला समजावून सांगत होती, जसे नव्या माणसाला काम समजावून सांगतात.

तुम्हाला मात्र एक दिवस आधी कळवले होते. तुम्ही आदल्या दिवशी मला खाटेजवळ बसवून म्हणालात, "उद्या दहाला सोडतात. माझं पागोटं आण. विसरू नकोस हो, बाकी काही नसलं तरी चालेल." कपडे तेव्हा इस्पितळात हरवले होते, म्हणून दुसरे धोतरही आणायचे होते. आणि मी तुम्हाला दिसलो तो दुपारी चार वाजता, गिरगावात, आपल्या दारात, बगलेत गाठोडे घेऊन. तोवर तुम्ही दोन-अडीच मैल चालून घरी पोचला होतात, इस्पितळाचा सदरा अंगात, पायाला पट्टी, डोके उघडे. पुढचे मला आईने सांगितले. नाक्यावर गवळ्याने डोक्याकडे बघून विचारले, "कोण गेलं हो?" चाळीच्या जिन्यावर दोघांनी तेच विचारले. आई ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी होती. तिची पहिली नजर तुमच्या डोक्यावर गेली, दुसरी तुमच्या मागे, आणि मागे मी नव्हतो. तांब्या तिच्या हातून पडला. तुम्ही म्हणालात, "कुणी गेलं नाही गं. मी आलोय."

मी आत येतो तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून पाय लांब करून बसला आहात. आई माझ्याकडे बघतही नाही. मी म्हणतो, "पहारेकऱ्यानं मला चार वाजता यायला सांगितलं होतं." तुम्ही हात पुढे करता, पागोटे घेता, नीट डोक्यावर बसवता आणि म्हणता, "असेल. इस्पितळातली घड्याळं मागंपुढं असतात." त्या दिवशीच्या रोजनिशीत एवढेच आहे: 'तात्या घरी आले.' मी आज ते पान काढून पाहिले. अक्षर सुरेख आहे.

चार महिन्यांनी पाय पुन्हा चिघळला. वैद्याने हात टेकले, आईने पदर पसरला, मी तर इंग्रजी पुस्तकांतले दाखले दिले. तुम्ही इस्पितळात जायला कबूल झाला नाहीत. "तिकडून परत यायचं म्हणजे फार चालावं लागतं रे," म्हणालात. हसून म्हणालात, म्हणून सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले. मी नेले नाही. मला कळले होते. तेव्हा बोललो असतो तर तुम्ही इस्पितळात गेला असतात का, पाय वाचला असता का, तुम्ही वाचला असतात का, हे मला ठाऊक नाही. एकवीस वर्षे मी त्याचे उत्तर 'नाही' असे देत आलो, कारण ते सोयीचे होते.

काल डॉक्टरसाहेबांना म्हटले, ते कलम काढून टाकावे. डोक्याचे वस्त्र कोठीतच ठेवावे, आणि ज्याला सोडायचे त्याच्या घरी आदल्या दिवशी निरोप जावा. ते म्हणाले, "नियम तर तुमचाच. आता काय झालं? कारण लिहून द्या." तीनदा लिहायला घेतले. उवांचे उत्तर सोपे आहे, उकळते पाणी आहेच. जागेचेही आहे. खरे कारण कागदावर उतरत नाही, ते या कागदावर उतरवतो. हा कुठे जायचा नाही.

तात्या, मी दहालाच आलो होतो. फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तुम्ही बाकावर बसला होतात, हमालांच्या शेजारी, त्या सदऱ्यात, उघड्या डोक्याने. तेवढ्यात माझ्या वर्गातले दोघे समोरून येताना दिसले. मी त्यांना सांगितले होते की छापखाना आमचा आहे. मी गाठोडे अंगरख्याखाली घेतले आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. मी वळलो तेव्हा तुम्ही मान वर केली होती. मला पाहिलेत की नाही, हे विचारायला मला चार महिने होते.

उद्या: मंजुरीची वाट न बघता सुतारास बोलावणे आणि कोठीच्या भिंतीला पागोट्यांसाठी खुंट्या ठोकून घेणे.