चुन्याचा क्रूस अजून जमिनीवरच आहे

आदरणीय ओब्दुलिया आजी,

तुमच्या भावाच्या नातीचा, नेरेइदाचा, फ्रेझ्नोहून वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे बरे आहोत. (एउतिमिया आजीला उष्म्याने पुरळ उठलंय, तेव्हा ‘सगळे’ म्हणणं बरोबर नाही.)

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. आजोबांच्या नवव्या दिवशी सेनाइदा आत्याने क्रूस उचलला आणि तिचा हात जराही थरथरला नाही, असं मी लिहिलं होतं. पत्र त्याच दिवशीच्या टपालात जावं म्हणून मी ते पहाटेच लिहून टाकलं होतं. (हाताचं नुसतं अनुमान होतं. तसं म्हणायला हवं होतं.) आजोबांना जिथे ठेवलं होतं तिथे काढलेला चुन्याचा क्रूस बैठकीच्या खोलीत, जमिनीवर, जसाच्या तसा आहे.

झालं असं की जुलैतल्या त्या सकाळी नवव्याच्या पंगतीचं मोले (आपलं मिरच्यांचं कालवण) चुलीवर असताना आत्याला वॉशिंग्टनहून, संसदेतून फोन आला : शेतमजुरांच्या कायद्यावर उद्याच मतदान, एका मतानेही फरक पडेल. आजोबांनी द्राक्षमळ्यात उन्हात उभं राहून जन्मभर ज्याची वाट पाहिली तोच हा कायदा. आजी म्हणाली, “जा तू. हे असते तर त्यांनीच तुला विमानतळावर सोडलं असतं, आणि वाटेत रस्ता चुकले असते.” आत्या गेली. तिथे एका ज्येष्ठ खासदारांचे वडील वारले म्हणून सभागृहाने दुखवटा पाळून कामकाज पुढे ढकललं. (आत्याही मान खाली घालून उभी होती. मी टीव्हीवर पाहिलं.)

चुना भरून क्रूस उचलताना त्याचा डोक्याकडचा भाग सेनाइदानेच उचलावा, असं आजोबा सांगून गेलेत. तो उचलला जात नाही तोवर ते मोकळे होत नाहीत. म्हणून आम्ही भोवती खुर्च्यांचं कुंपण केलंय. चुना उडेल म्हणून कूलर बंद. ऑगस्टमध्ये, फ्रेझ्नोत! प्रार्थना सांगणाऱ्या प्लासिदाबाई परवा घाम पुसत म्हणाल्या, “एउतिमिया, कूलर लाव बाई, नाहीतर तुझाही क्रूस काढावा लागेल.” आजी म्हणाली, “मग दोन्ही एकदमच उचला. मोले एकदाच शिजवावं लागेल.”

तुम्हाला ठाऊक आहे, माझी पहिली शाळा म्हणजे आजोबांचं स्वयंपाकघरातलं टेबल, आणि पुस्तक म्हणजे आत्याची निवडणुकीची पत्रकं. आधी शाळा मंडळ, मग नगर परिषद, मग सॅक्रामेंटोची विधानसभा, मग वॉशिंग्टन. तिची पदं वाढत गेली तसे माझे शब्द लांब होत गेले. ती निवडून आली की आजोबा गल्लीभर गोड पाव वाटायचे आणि घरी येऊन टोपी काढता काढता म्हणायचे, “आणखी लांब गेली.”

आत्याला फार काम असतं. कृपया तिच्याविषयी मनात काही आणू नका.

तुमची,
नेरेइदा

ता. क. वर ‘फार काम’ लिहिलं ते आजी हे पत्र वाचून मगच पाकिटात घालू देते म्हणून. हा कागद मी नंतर सरकवला आहे. ऑगस्टभर संसदेला सुट्टी आहे. आत्या इथेच आहे. दुपारी ती समोरच्या झाडाखाली गाडी लावून बसते, इंजिन चालू ठेवून. मी पाणी घेऊन गेले. म्हटलं, “आत्या, आत ये ना, सगळे थांबलेत.” ती म्हणाली, “पोरी, मी उचलला की बाबा जातील. बारा वर्षं मी त्यांना फोनवर सांगत आले, पुढच्या आठवड्यात येते. आता ते माझ्यासाठी थांबलेत, तर थांबू देत की गं थोडे.” मग पाणी प्यायली, आणि माझं कॉलेज कसं चाललंय ते विचारलं, जशी ती मतदारांना विचारते.

ता. क. दुसरा. ती घाबरते फक्त तुम्हाला. तेव्हा विनंती एवढीच, की तिला फोन करून आजोबांच्या मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगा, ‘माझ्या भावाला जाऊ दे.’ तुम्ही फोन केलात तर उत्तम. नाही केलात तरी प्लासिदाबाईंना मी बोलावून ठेवलंय, आणि गाडीचं दार उघडून आत्याला हाताला धरून आत आणणार आहे, शनिवारी, तेरा सप्टेंबरला.