नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही

श्रूजबरी,
रविवार, १३ एप्रिल २०२५

अहो,

नमस्कार. मायना एवढाच. राधिकाच्या वेळी माहेरी होते तेव्हाही पत्राच्या वर मी 'अहो' इतकंच लिहायचे आणि तुम्ही उत्तरात विचारायचात, "हे पोस्टमनला उद्देशून आहे का?" नाही, तुम्हालाच आहे.

इकडे सर्व ठीक. पुण्यात ऊन चढलं असेल. सुवर्णावन्सं तुम्हाला दुपारचं बाहेर सोडत नसतील अशी आशा आहे. सोडत असतील तर टोपी घाला. इथला बर्फ गेला. अंगणात नुसता चिखल आहे आणि तुमची शाई तो पायांनी मोजूनमापून घरभर आणते. काळी कुत्री आणि काळा चिखल, त्यामुळे कुत्री कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळत नाही.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणाल. फोनवर वन्सं स्पीकर लावून देतात आणि मागे टीव्ही चालू असतो. मी म्हणते, "कधी येताय?" तुम्ही म्हणता, "बघू, सोसायटीचं काम झालं की." मग वन्सं मला आंबेडाळीत हिंग किती घालायचा ते सांगतात. नोव्हेंबरात पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलात. परतीचं तिकीट पुढे ढकललंत, मग पुन्हा ढकललंत, आणि आता ढकलायचंही सोडून दिलंत. एका फ्लॅटच्या कागदांना इतके महिने लागत असतील तर त्या सोसायटीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा.

असो. शाईची बातमी सांगते, म्हणजे तुमचं लक्ष लागेल.

रिटायर झाल्यावर लोक टोमॅटो लावतात, ब्रिज खेळतात. तुम्ही शिकारीची लॅब्रॅडॉर आणलीत, आणि तीही अशा घरात जिथे अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं आहे. दुसऱ्यानं पाडलेलं बदक तळ्यातून अलगद तोंडात धरून आणायचं, पीस न विस्कटता हातात द्यायचं, याला तुम्ही विद्या म्हणायचात. मी म्हणायचे, "आपल्याला बदक खायचं नाही, मग आणवायचं कशाला?" तुम्ही हसायचात. आणि तो डॉग शो आठवतो का? राधिकाच्या लग्नातला सूट घालून शाईला रिंगणात पळवत होतात. जज तिचे दात बघत होता आणि पोट आत तुम्ही ओढून धरलं होतंत. शाईला तिसरा नंबर मिळाला. तुम्हाला मी पहिला दिला होता, पण बोलले नव्हते.

तर आता ऐका. शाईच्या सरावाची मेलेली बदकं मी गराजमधल्या फ्रीझरातून घरातल्या फ्रीझरात आणली आहेत. जानेवारीत गराजमधला फ्रीझर बंद पडला, आणि टाकून द्यावीत तर तुमच्या श्वानक्लबातल्या वॉल्टरनं एवढी प्रेमानं दिलेली. देसी दुकानाच्या पिशवीत गुंडाळून ठेवली. संकष्टीला मोदकांसाठी खवलेला नारळ म्हणून पिशवी काढली, सोडली, आणि आतून चोच. माझ्या आईनं वरून बघितलं असेल तर तिनं डोळे मिटून घेतले असतील. मी बदक परत ठेवलं, हात धुतले आणि मोदक केले. एकटीनं खाल्ले, दोन दिवस.

एकटीनं खाण्याचं असं आहे की चव कशी झाली हे सांगणारं कोणी नसतं. शाईला सारणातलं चिमूटभर देते. तिला सगळंच छान लागतं, त्यामुळे तिचं मत धरता येत नाही.

सगळे तुमची चौकशी करतात. पाडव्याच्या कार्यक्रमात प्रतिमावहिनींनी श्रीखंडाच्या रांगेतच विचारलं, "उल्हासराव अजून आले नाहीत? इतके दिवस?" मी म्हटलं, "फ्लॅटचं काम हो, पुण्याचं तुम्हाला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "हो यार, आमचंही तसंच अडकलंय." मला फार बरं वाटलं, आणि मग गाडीत बसल्यावर फार वाईट वाटलं. ज्यांना खोटं सांगायला नको त्यांनाही आता सवयीनं सांगते.

राधिकाचा फ्रिस्कोहून रोज फोन असतो. तिनं खालची खोली रंगवून ठेवली आहे. "आई, बी प्रॅक्टिकल. घर विक, शाईला वॉल्टर-अंकलना दे आणि इकडे ये." नातू मागून ओरडतो, "आजी, वी हॅव अ पूल!" मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी गेले आणि इकडे तुम्ही आलात तर कुलूप बघाल, एवढंच डोक्यात येतं.

वॉल्टर डिसेंबरात दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, शाई घरात बसून बिघडेल, शनिवारी मैदानावर आण. मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. मी म्हटलं, थंडी फार आहे. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात तुमचं जुनं जाकीट होतं, त्याच्या गाडीत राहिलेलं. ते घालून गेले. अजून तेच घालते. खिशात तुमच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या, त्या तशाच ठेवल्या आहेत. तेव्हापासून दर शनिवारी जाते. आठवड्यातून तेवढाच एक दिवस, की ज्या दिवशी मी माणसांशी बोलते. वॉल्टरच्या बायकोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुझा आहो फार गोड माणूस आहे." तिला इतकी वर्षं तेच तुमचं नाव वाटत होतं, मी मारलेल्या हाका ऐकून. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की दुरुस्त करायला तुमचं नाव घ्यावं लागेल. राहू दिलं.

काल 'ऑनर'चा सराव होता. तुम्हाला काय सांगायचं, पण मला ते कालच नीट कळलं. दोन कुत्री शेजारी बसवतात. बंदुकीचा आवाज होतो, बदक पडतं, दोघीही बघतात. पण जायचं एकीनंच, जिचं नाव घेतलं तिनं. दुसरीनं बसून राहायचं. पाळी पहिलीची आहे, तिला मान द्यायचा. वॉल्टरनं हाक मारली, "डिक्सी!" आणि त्याची डिक्सी बाणासारखी सुटली. शाई बसून होती. अंग थरथरत होतं, पुढचे पाय उचलत होती आणि परत ठेवत होती, घशातून बारीकसा आवाज येत होता. पण उठली नाही. तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

मला तिथे रडू आलं. वॉल्टरला वाटलं, वाऱ्यानं.

मग आमची पाळी आली. मी वाकून तिला हळूच म्हटलं, "शाई, जातेस का?" ती माझ्याकडे बघत राहिली. वॉल्टर मागून म्हणाला, "शुभा, डोन्ट आस्क हर. सेंड हर." विचारायचं नसतं म्हणे. नाव घ्यायचं, एकदाच आणि मोठ्यानं. उघड्यावर कोणाच्या नावानं मी जन्मात ओरडले नव्हते. ओरडले. तळ्याच्या पलीकडून आवाज परत आला, आणि तो यायच्या आत शाई पाण्यात होती.

आता सप्टेंबरचं लिहिते. आपण त्यावर कधी बोललो नाही. कागदावर लिहिलं की तुम्हाला मध्येच उठून चहा टाकायला जाता येत नाही.

त्या दिवशी क्लबच्या टेस्टला मी मागे खुर्चीत पोह्यांचा डबा घेऊन बसले होते. दोन बदकं पडली, शाईनं दोन्ही पाहिली. जजनं तुमचा नंबर पुकारला. आता फक्त नाव घ्यायचं होतं. तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत. पुन्हा उघडलंत. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. असं तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखं. शाई बसून राहिली, तशीच थरथरत. शेवटी तुम्ही तिच्या गळ्यात पट्टा घातलात, जजला म्हणालात पायाला काहीतरी लागलंय, आणि गाडीत मला म्हणालात, "ऊन फार होतं." ऊन नव्हतं हो. मी शाल घेऊन बसले होते.

त्यानंतर घरात तुम्ही तिला नावानं हाक मारेनासे झालात. शिट्टी वाजवायचात. ऑक्टोबरात दुकानाच्या पार्किंगमध्ये आपल्याच गाडीला टेकून आपली गाडी शोधत होतात. मी नुसतं दार उघडून दिलं. आणि मग सोसायटीचं काम निघालं.

तुम्ही कागदांसाठी गेला नाहीत. मला दिसू नये म्हणून गेलात. हे मला तेव्हाच कळलं होतं. काल फक्त त्याला पुरावा मिळाला. सराव संपल्यावर मी वॉल्टरचे आभार मानले, की कोणी न सांगता त्यानं माझी काळजी घेतली. तो जरा गोंधळला. म्हणाला, न सांगता कुठे? जायच्या आधी तुम्हीच येऊन त्याला सांगितलं होतं, शुभाला शाई चालवायला शिकव. दोनदा नाही म्हणेल, तिसऱ्यांदा माझं जाकीट घेऊन जा.

मला इतका राग आला की घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही. शाईची व्यवस्था लावलीत. माझीही लावलीत, शनिवारसकट. राधिकाची रंगवलेली खोलीही तुम्हीच सुचवली असणार. मला विचारलंत? मी काय पाहू शकते आणि काय नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून विमानात बसलात. तुम्ही विसरायला लागला आहात, याची मला भीती वाटते, फार वाटते. पण तुम्ही नसण्याची त्याहून जास्त वाटते. सकाळी दोन कप चहा टाकते आणि एक सिंकमध्ये ओतते, ही माझी आजची तब्येत.

पत्र याचसाठी. फोनवर सांगितलेलं तुमच्याकडे उरेल की नाही, मला माहीत नाही. हे उरेल. विसरलात तर पुन्हा काढून वाचा.

तर आता विचारत नाही, सांगते. वन्संचा ऋषी २ मेला ऑफिसच्या कामानं बॉस्टनला येतो आहे. त्याच्या शेजारची सीट तुमच्या नावानं घेतली आहे. वन्संना सगळं सांगितलं आहे. त्या आधी रडल्या आणि मग तुमच्याबद्दल म्हणाल्या, "मी त्याची बॅग भरते." नंतरच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आत दोघांनी जायचं. मे अखेरीस क्लबची टेस्ट आहे. शाईचं नाव दिलं आहे, सोबत चालवणारी म्हणून माझं. तुम्ही मागे खुर्चीत बसायचं, पोह्यांचा डबा धरून. शाल मी आणीन.

शाईचं नाव एखाद्या दिवशी आठवलं नाही तर मी घेईन. कधी माझंही आठवणार नाही. तुम्ही लग्नापासून उठता-बसता 'शुभा, शुभा' करत आला आहात, तेवढं मला पुरेल.

तुमचं मात्र मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते, आणि तेही वन्संनी दार अडवलं म्हणून. हॉस्पिटलात, बँकेत, सगळीकडे 'माय हजबंड'वर भागवलं. आज सकाळी मागच्या दारात उभी राहून एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजाऱ्यांच्या झाडावरचे पक्षी उडाले. शाईनं मान वर केली आणि रस्त्याकडे बघत बसून राहिली. उठली नाही. हे आपलं नाव नाही, एवढं तिला कळतं.

तुम्हीही तिकडे बसूनच आहात. सगळे तुम्हाला 'कधी येताय' विचारतात, मीसुद्धा तेच करत होते. आता एकदाच, मोठ्यानं:

उल्हास!

तुमची,
शुभा