ब्रेकवरची बोटं

१६ नोव्हेंबर, सातारा
पहाटे पांघरूण पुरेना. म्हणजे आली थंडी.
दुपारी सायकल पुसली, चेनला तेल दिलं. तेवढ्यात सांगलीहून गौरीचा फोन. पोटची लेक, पण बोलते आमच्या कॉन्व्हेंटच्या हेडमिस्ट्रेससारखी. अट पुन्हा वाचून दाखवली. "आई, या हिवाळ्यात पडलीस तर सायकल कुणाला तरी देऊन टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि इकडे यायचं. तुझी खोली तयार आहे." मी म्हटलं, कबूल. गेल्या जानेवारीत प्लास्टर घातलेल्या हाताने कबूल केलं होतं, आज चांगल्या हाताने केलं.
तेव्हा पडले तो माहुलीच्या पुलाआधीचा उतार. बोटं इतकी बधिर झाली होती, की ब्रेक दाबलाय असं वाटलं आणि दाबलेलाच नव्हता.
मला इथेच राहायचं आहे. का, ते कुणी विचारू नये.

१९ नोव्हें.
पहिली फेरी. पोवई नाका, माहुली, पूल, रहिमतपूर रस्त्याने थोडं पुढे, परत. दोन स्वेटर, वर शाल गुंडाळून पिन लावलेली, कानटोपी. चढावर घामाने न्हाले आणि उतारावर तोच घाम बर्फ झाला. घरी येईपर्यंत दात वाजत होते.
हे असते तर हसले असते. यांचा लष्करी नियम: "निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. घरातच उबदार वाटलं तर समज कपडे जास्त झाले." वीस वर्षं ऐकला. कधी पाळला नाही, कारण निघताना गार वाटलं की हे मफलर माझ्या गळ्यात टाकायचे आणि स्वतःचाच नियम मोडायचे.
यांची सायकल जिन्याखालीच आहे. दोन्ही टायर बसलेत. हवा भरून ठेवावी का? कशाला.

२४ नोव्हें.
आता जमतंय. बनियन, त्यावर एकच पातळ स्वेटर, वर वारा अडवणारं जर्किन. छातीवर जर्किनच्या आत कालचं वर्तमानपत्र. चालताना कागद वाजतो, स्वतःलाच हसू येतं. मोज्यांचे दोन जोड घातले तर बूट घट्ट होतो आणि बोटं जास्त गारठतात. एकच जोड, बूट सैल. आल्याबरोबर ओलं बनियन आधी बदलायचं, मग चहा.
हातांचं मात्र काही जमत नाही.
हॉस्टेलमध्ये डिसेंबरात पहाटेच्या प्रार्थनेला आम्ही हात काखेत धरून उभ्या राहायचो. सिस्टर मागून यायच्या. "देवाला हात दिसले पाहिजेत, मुलींनो." आमची पाचगणीची थंडी. देवाला नक्की दिसत असणार, लालभडक झालेले.

२ डिसेंबर
गौ.ने कुरिअरने हातमोजे पाठवले. काळे, चकचकीत, आतून मऊ. फोनवर म्हणाली, "हे घालून तरी पडू नकोस." महाग असणार. विचारलं नाही.
घातले. ऊब आहे. आज पूल ओलांडताना डावीकडे पाहिलं नाही. नदीकाठी, जिथे यांना नेलं होतं, तिथून गार हवेचा एक पट्टा रस्त्यावर येतो. सगळ्यांनाच लागतो तो, माझ्या एकटीचा नाही, असं सांगत ओलांडते.

१० डिसें.
लिहायला बसले खरी, पण दोन बोटांना मलम लावलंय.
पुलापलीकडे दिरांचं उसाचं रान आहे. बांधावर शेकोटी पेटवून चार माणसं बसली होती. त्यांतला सर्जेराव, दिरांच्या रानात काम करतो, ओरडला, "आवं वैनीसाब, या की! शेका जरा. सायकल काय पळून जात न्हाई." थांबले. हात पुढे केले.
सर्जेरावच्या अंगात यांची जर्सी होती. हिरवी, लष्करातली. डाव्या कोपरावर मी केलेलं रफू. हिरवी लोकर मिळाली नव्हती, म्हणून राखाडी घातली होती. हे म्हणाले होते, आता परेडला उजवीकडूनच उभं राहतो.
तेराव्याला जाऊबाईंनी यांचे कपडे एका चादरीत बांधून गावात वाटले. रीतच आहे ती. मेलेल्याची लोकर घरात ठेवू नये म्हणतात. मी आतल्या खोलीत होते. कुणाला काय गेलं, मला माहीत नव्हतं.
मी त्या कोपराकडे बघत राहिले. सर्जेराव विडी पेटवायला वाकला, की कोपर वाकायचं, रफू ताणायचं. टिकलं होतं.
"आवं वैनीसाब, हात! हात! जळाया लागलं की!"
गौ.चे हातमोजे. बोटांची टोकं वितळून चिकटली होती. सर्जेरावने ओढून काढले. दोन बोटांना फोड, बाकी काही नाही. एक म्हातारा म्हणाला, "शेरातला माल हाय. इस्तू बघितला की इरघळतुया." सगळे हसले. मीही.

११ डिसें.
सकाळीच जाऊबाईंचा फोन. बातमी गावातून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून सांगलीला. "सुधा, शेकोटीत हात घातलास म्हणं! डोकं फिरलं का काय तुजं? ह्या वयात टोपडं घालून सायकल. साहेब गेलं आन् बाई उंडारली म्हणत्यात लोक." म्हटलं, अक्का, लोकांना थंडी वाजत नाही का? "वाजती की. पण लोक घरात बसत्यात!"
मग गौ. बराच वेळ बोलली. मी म्हटलं, अट पडण्याची होती, भाजण्याची नव्हती. ती हसली नाही.
जर्सीचं कुणालाच सांगितलं नाही.

१५ डिसें.
फोड बसले. कपाटात यांचे लोकरीचे हातमोजे आहेत. एवढंच मी चादरीत जाऊ दिलं नव्हतं. घालून बघितले. लोकर आगीला घाबरत नाही, पण यांची बोटं केवढी लांब. टोकं रिकामी लोंबतात, ब्रेकच्या दांडीत अडकतात. पुन्हा घडी घालून ठेवले.
गल्लीच्या टोकापर्यंत उघड्या हातांनी गेले. वळून परत.
हरणार बहुतेक.

२१ डिसें.
सुया काढल्या. कॉन्व्हेंटने काही दिलं असेल तर इंग्रजी आणि विणकाम. इंग्रजी बोलायला आता कुणी नाही.
पाच बोटांचा एक मोजा विणला, घातला, पुन्हा गारठले. मग बघत बसले. अंगठा उबदार, कारण तो मुठीत शिरतो. करंगळी सगळ्यांत गार. एकटं पडलेलं बोट लवकर गारठतं.
उसवला. नवा सुयांवर घातला. अंगठा वेगळा, मग दोन बोटं एका घरात, दोन दुसऱ्या. पहिल्या दोघांनी ब्रेक धरायचा, उरलेल्या दोघांनी मूठ. दिसायला खेकड्याच्या नांगीसारखा.

२९ डिसें.
नांग्या चालतात! पुलापर्यंत, पुलापलीकडे, परत. बोटं आपली आपल्याला सापडली. उतारावर उगाचच चारदा ब्रेक दाबून बघितला. मागचा दूधवाला कावला, "आवं मावशी, जायाचं हाय का थांबायचं, एक काय ते ठरवा की!"

१३ जानेवारी
भोगी. जाऊबाईंनी सर्जेरावबरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा पाठवला. उंडारलेल्या बाईला लोणी. अक्कांचं हे असंच असतं.
सर्जेरावने दुसरी पिशवीही पुढे केली. जर्सी. धुऊन, घडी घालून.
"तवा शेकताना तुमी सारकं बघत हुता. घरात गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. घ्या वैनीसाब. लय ऊब हाय हिला, पर हाय सायबांची."
पिशवी हातात घेतली. जड होती. नाकाशी नेली नाही, त्याच्यासमोर कशी नेणार. मग परत दिली.
म्हटलं, तुम्हालाच बसते. हिच्यात माझ्यासारख्या दोघी मावतील.
"व्हय, त्ये बी खरं," म्हणाला, आणि दारातच अंगात घातली. पाठमोरा गेटबाहेर जाताना क्षणभर...
भाकरी ऊन केली. एकटीसाठी तवा तापवायला वेळ लागतो.

२२ जाने.
आजची थंडी या हिवाळ्यातली सर्वांत कडक. गवत पांढरं. माहुलीच्या उतारावर वेगात होते आणि धुक्यातून उसाची ट्रॉली आडवी आली. रस्त्यावर ओली पाचट. ब्रेक दाबला. लागला. मागचं चाक थोडं सरकलं, मी एक पाय टेकून उभी. ट्रॉलीच्या चाकापासून हातभर.
ड्रायव्हर वरून वाकला, आधी शिवी देणार होता, मग टोपडं बघून म्हणाला, "आयला, आज्जी हाय व्हय! लय ब्येस ब्रेक मारलासा!"
बोटं गरम होती. सबंध रस्ता मनात एकच वाक्य घोळवत आले: लागला हो ब्रेक.
कुलूप काढलं. घरात शिरून मोठ्याने म्हटलं, लागला हो ब्रेक.
स्वयंपाकघराची फरशी बाहेरच्या रस्त्यापेक्षा गार होती. रोज तशीच असणार, आज कळलं. नांग्या काढल्या नाहीत. तशीच चहा करत राहिले, साखर सांडली.
गौ.ला सांगितलं नाही. ट्रॉली सांगावी लागली असती.

४ फेब्रुवारी
अंगभर ऊब घेऊन येते आणि ती इथे खुर्चीत बसल्या बसल्या जाते. छातीवरचं वर्तमानपत्र काढून तेच वाचते. कपडे बरोबर आहेत. मोजे बरोबर आहेत.
यांचा नियम निघण्याबद्दल होता. परत आल्यावर किती गार वाटलं पाहिजे, ते कधी बोलले नाहीत.

१७ फेब्रु.
दुपारी पंखा लावला. संपली थंडी.
संध्याकाळी गौ.चा फोन. "आई, जिंकलीस. खरंच. मला वाटलं नव्हतं. राहा तिथेच, मी आता विषय काढणार नाही." ती पहिल्यांदाच हेडमिस्ट्रेससारखी बोलली नाही. दमल्यासारखी बोलली.
मी म्हटलं, बरं.
तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मागून कुणीतरी हसलं, ती "एक मिनिट" म्हणाली आणि परत आली.
मी विचारलं, सांगलीत पहाटे नदीच्या अंगाला गार असतं का गं?
"का?"
सहजच. रस्ता सपाट आहे ना तिकडे?
"आई, काय ते नीट सांग."
नीट काय ते मलाच अजून कळलेलं नाही. उद्या पहाटे निघेन तेव्हा पुलावर थांबून बघेन. आता थांबायला हरकत नाही, थंडी नाही. यांना विचारेन, सांगलीला जाऊ का.