बाण वर, डाव्या हाताला

अण्णा, एक तक्रार आहे. ती ऐकून घ्यायला इथं कुणाला सवड नाही, म्हणून तुमच्याकडे आलो. आमच्या ऑफिसातलं कॉम्प्युटर हल्ली सुरू केलं की गातं. बंद करतानाही गातं. आधी मंगलाचरण, शेवटी फलश्रुती, आणि मधल्या ग्रंथाचा पुष्कळदा पत्ताच नसतो. मधे काय, तर पडद्यावर एक इवलंसं वाळूचं घड्याळ उभं राहतं आणि आपण हात बांधून बसायचं. तुम्ही घटिकापात्र घेऊन बसायचात तेव्हा निदान शेवटी कुणाचं तरी लग्न लागायचं. इथं घड्याळ निघून जातं आणि एक चौकट येते. तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं की तुमच्या हातून अवैध कृत्य घडलं आहे. कोणतं, ते सांगत नाहीत. प्रायश्चित्त मात्र ठरलेलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. म्हणजे पुन्हा गाणं. आमच्या शेठजींना ते गाणं फार आवडतं. सकाळी दारात चपला काढून ते संपेपर्यंत उभे राहतात, मगच आत पाऊल टाकतात.

तुम्हाला हे सगळं नीट सांगायला पाहिजे, कारण तुम्ही गेलात तेव्हा जालन्यात कॉम्प्युटर ही पेपरात वाचायची गोष्ट होती. त्याला आता दीड तप होऊन गेलं. ज्याला व्याकरण शिकायला काशीला पाठवायचं तुमच्या मनात होतं, तो तुमचा मुलगा बियाण्याच्या कंपनीत कपाशीची बिलं फाडतो. शेठजींचे आजोबा मारवाडातून इकडं आले, शेठजी मराठी बोलतात, रागावले तर हिंदी बोलतात, आणि मला पंडितजी म्हणतात. तर कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो असं समजा. आपलं म्हणणं यंत्राला सांगायचं आणि यंत्राचं आपल्याला, हे त्याचं काम. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमच्याकडे इतकी वर्षं जो कारभारी होता तो मोठा मितभाषी. काळा पडदा, पांढरी अक्षरं, तुम्ही आकडा दाबायचा, त्यानं काम करायचं. त्या सिस्टीमला आम्ही काळी म्हणतो. यंदा औरंगाबादहून इंजिनिअर आला आणि त्यानं दुसरी बसवली, चित्रांची, खिडक्या उघडणारी. तिचं नाव रंगीत पडलं. शेठजींनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला लावल्या आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ज्याला जे बोलायचं ते खुल्या दिलानं बोला. मृगापर्यंत दोन्ही चालतील. मंग एकच राहील. आणि तिच्यावर ज्याला जमणार न्हाई, त्यानं मंठ्याच्या गोदामावर बसायचं. नाराज नाही व्हायचं." हे शेवटचं बोलताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही, पण मला ते माझ्यासाठीच वाटलं.

मत द्यायला सांगितलं की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन दिवसांत ऑफिसात शैव आणि वैष्णव झाले. गाड्या भरून घेणारे एक मामा आहेत, जाफराबादकडचे, घरी वीस-पंचवीस एकर, इथं माल पाठवण्याचं बघतात. चहाच्या वेळेला ते बियाण्याच्या थप्पीला टेकून म्हणाले, "महाराज, काळी म्हंजी मुरलेली बैलजोडी. कासरा सोडून झोपा, घरी आणून सोडती. आन् ही रंगीत म्हंजी गोऱ्हा. दिसायला झ्याक, पर भर रस्त्यात बसकण मारतंय. परवा ट्रक भरून उभा, डायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, आन् हिचं घड्याळ काई हलंना."

हिशेबाला एक बाई आहेत. माझ्याहून बऱ्याच लहान, मला काका म्हणतात. त्या कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "मामा, तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्हाला छापलेलं चलन हातात मिळतं. मला विचारा. काळीवर जरा चुकलं की काकांना हाक मारा. काका येणार, न बघता चार बटणं दाबणार, निघून जाणार. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणणार, लक्षात ठेवा. काय लक्षात ठेवा? पडद्यावर काई दिसतच न्हाई! रंगीतचं बिलकुल सोपं आहे. सगळं समोर दिसतं. दिसतं त्याच्यावर बाण न्यायचा आणि दाबायचं. पाठ करायची गरजच न्हाई."

"मंग महाराजांचं महत्त्व काय उरलं?" मामा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला, तुम्ही उपरणं सारखं करायचात तसा, आणि म्हणालो, "समोर दिसतं ते माणूस विसरायला मोकळा होतो. पाठ असतं तेच आपलं." शेठजी वा म्हणाले. मामांनी मान डोलावली. हे वाक्य तुमचं होतं. पाठांतराला कंटाळलो म्हणून तुम्ही मला ओसरीवर उभं करून ऐकवलेलं. माझा विरोध तत्त्वाचा आहे अशी ऑफिसात समजूत झाली, आणि मी ती होऊ दिली.

तुमच्यापासून काय लपवायचं. रंगीतवर तो जो बाण असतो ना, मुगाच्या डाळीएवढा, तो मला सापडत नाही. समोर असला तर दिसतो. कडेला गेला की गेलाच. विशेषतः डावीकडे. मामांची सायकल डावीकडून येते ती मला धडकल्यावर कळते. दिव्याभोवती संध्याकाळी खळं पडतं, चंद्राला पडतं तसं. काळीवर हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. चार, एंटर, दोन, एंटर, एफ दहा. बोटं आपली आपण चालायची. मी खिडकीबाहेर बघत बिल करतो म्हणून डीलर लोक कौतुक करायचे. मंठ्याच्या गोदामावर मात्र दिवसभर ट्रक मागे येत असतात, आणि ते कुठून येऊन राह्यलेत हे ज्याला बघता येतं त्यानंच तिथं उभं राहावं.

शहागडचा तो श्रावण आठवतो. मी सुट्टीला घरी आलेलो, मिशा फुटलेल्या, संस्कृत कॉलेजात शिकत असल्याची घमेंड अंगात. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी तुमची पोथी चाललेली, मी शेजारी बसलोय. सुट्ट्या पानांची जुनी पोथी. तुम्ही वाचताय, पान संपलं की उचलून पलीकडे ठेवताय, सगळं बराबर वेळेवर. आणि मला दिसतं की हातातलं पान उलटं आहे. अक्षरं डोक्यावर उभी. मी ते सरळ करायला हात पुढे केला, तर तुम्ही वाचता वाचताच माझं मनगट धरलंत. घट्ट. एक अक्षर चुकलं नाही तुमचं. मंडळी हात जोडून ऐकत होती. गोदावरीच्या काठानं परत येताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मला वाटलं मायेनं. आता वाटतं, वाटेसाठी. तुम्ही एवढंच म्हणालात, "यजमानाला बोलायचं न्हाई. आंधळ्यानं पोथी सांगितली म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं आपण फसलो."

आईला अर्थातच आधीपासून ठाऊक होतं. स्वयंपाकघरात ती तुमचं पान वाढायची आणि चुलीकडे तोंड करून, जणू स्वतःशीच, म्हणायची, "मीठ वर, मधोमध. चटणी वर, डाव्या हाताला. भाजी उजवीकडं, गरम आहे." मला लहानपणापासून वाटायचं की वाढण्याची ही एक पद्धतच आहे. उशिरा, फार उशिरा, तुम्हाला औरंगाबादला नेलं. तोवर गावातले सगळे मोतीबिंदू पिकायची वाट बघा म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नव्हेच, हा काचबिंदू. तो पिकत नाही, नुसता खात जातो. गेलेलं परत येत नाही, वेळेवर आलं तर उरलेलं राहतं. आणि उठता उठता माझ्याकडे बघून म्हणाले, घरात चालत येतो, चाळिशीनंतर तुम्ही तपासून घेत चला. चाळिशी केव्हाच मागे पडली, अण्णा.

गेल्या आठवड्यात जाफराबादचे एक डीलर आले. बाहेर जीप उभी, ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार नाही. मी सवयीनं काळीकडे वळलो, तर शेठजी मागे येऊन उभे राहिले. "पंडितजी, आज रंगीतवर करा. मला बघू द्या." डीलर म्हणाले, "कशावरबी करा महाराज, पर जल्दी करा." मामा दारातून आत आले. बाईंनी मान वर केली नाही.

आता एक सांगतो. बाणावाचूनही रंगीत चालवता येते, नुसत्या बटणांनी, फक्त सगळं पाठ पाहिजे. हे मला इंजिनिअरच्या पुस्तकात सापडलं होतं, आणि रोज ऑफिस उघडल्या उघडल्या, कुणी यायच्या आत, मी ते घोकत होतो. म्हणून उजवा हात बाण हलवणाऱ्या त्या माऊसवर, म्हणजे उंदरावर, ठेवला आणि तो ऐटीत इकडं तिकडं फिरवला, लोकांना दिसावा म्हणून. काम सगळं डाव्या हातानं केलं. तुम्ही पानं उचलून पलीकडे ठेवायचात, ते आठवत होतं मला. नाव घातलं, वाण घातलं, पिशव्या घातल्या. शेठजींचा श्वास मानेवर येत होता. आणि छापायच्या वेळेला एक चौकट उगवली. पूर्वी कधी न पाहिलेली. तिचा मंत्र माझ्याजवळ नव्हता. एंटर दाबलं, हलेना. दुसरं दाबलं, हलेना. ती म्हणत होती, माझ्यावर बाण आण. मी उंदीर सरकवत राहिलो, पडदा चाचपत राहिलो, आणि बाण कुठंच नाही. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. शेठजी म्हणाले, "काय झालं, पंडितजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "ही विचारतेय खरंच छापू का. असल्या शंका काळीला कधी आल्या नाहीत." डीलर हसले. शेठजी हसले नाहीत.

तेव्हा बाई पलीकडच्या टेबलावरून, माझ्या पडद्याकडे तिरकी नजर टाकून, वहीतलं डोकं न उचलता, जणू स्वतःशीच म्हणाल्या, "बाण वर, डाव्या हाताला."

अण्णा, तोच सूर. चुलीकडे तोंड करून. मी बाण खाली ओढून आणला, चौकटीवर नेला, दाबलं. प्रिंटर करकरायला लागला. शेठजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "पंडितजींनी करून दाखवलं! सगळ्यात जास्त विरोध त्यांचा होता. मंग आता काळी कशाला ठेवायची? आणि बाकीच्यांना पंडितजीच शिकवतील, सोमवारपासून." मामा माझ्याकडे बघतच राहिले. "महाराज," ते म्हणाले, "आमाला झुंजायला लावून तुमीच फितूर झालात व्हय?" वाद संपला. वाद मी जिंकला असता तर काळी राहिली असती. हरलो असतो तर मंठा. मी सोंग वठवलं, आणि सोंगानं काळीला घालवलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावलं, त्यानं गाणं म्हटलं, आणि पडद्यावर बघतो तो बाण मोठा झालेला. चांगला बोटभर, काळाकुट्ट, हलवला की मागे शेपटी ओढणारा. मी बाईंना विचारलं, "हे कुणी केलं?" त्या म्हणाल्या, "आपोआप झालं असेल काका. नवीन सिस्टीम आहे, काईही करती." आणि मग जरा थांबून, "माझ्या मावशीला होतं. औरंगाबादला दाखवलं. आता ठीक आहे." मी हं म्हटलं आणि बिलाला लागलो. तो मोठा बाण समोर असला की सुरेख दिसतो. डावीकडे गेला की तोही जातो, शेपटीसकट.

आज रविवार. दुपारची वेळ, घरात सगळे झोपलेत, आणि उद्या सोमवार. काळी चांगली की रंगीत, मला आता खरंच काही म्हणायचं नाही. डॉक्टरांकडे जाईन. बहुतेक जाईन. पण त्याआधी मघाशी मी एक करून पाहिलं. डोळे घट्ट मिटून बसलो आणि तुम्ही रोज सकाळी आंघोळीनंतर म्हणवून घ्यायचात ते स्तोत्र म्हणायला घेतलं. तुमच्याजवळ अंधारात म्हणायला एवढं होतं की तुम्ही त्यावर कितीतरी श्रावण काढलेत. माझ्याजवळ काय आहे ते बघावं म्हटलं. मधेच एका ओळीवर अडलो. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, तिथंच अडलो. चार, एंटर, दोन, एंटर, एफ दहा, हे मात्र लख्ख आठवलं. ते आता कुठंच चालणार नाही.

हे पत्र घडी करून तुमच्या त्या पोथीच्या पानांत ठेवतो. तिथून ते कुठं जायचं नाही, ठाऊक आहे. पण पुढची ओळ काय होती, अण्णा? मला आठवत नाही, आणि मला भीती वाटते.