हरलेले गरुड

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१२ ऑगस्ट १९६३

ती. शशीकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

चीनच्या कैदेतून सुटलात, आता पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये किती दिवस बसणार? सुट्टी मिळाली की सीधा दिल्लीला यायचं, बिल्कुल! मी लायब्ररीतून रोमन आर्मीवरचं पुस्तक आणलंय. त्यांच्या प्रत्येक लीजनचा, म्हणजे पलटणीचा, एक गरुड असायचा, काठीवर, झेंड्यासारखा. आधी लांडगा, घोडा, रानडुक्कर पण असायचे, मग मारियस नावाच्या जनरलने फक्त गरुड ठेवला. तो गेला की इज्जतच गेली! जर्मनीच्या जंगलात त्यांचे तीन गरुड हरले, ते मिळवायला कितीतरी वर्षं लागली. आणि जे सैनिक पकडले गेले, त्यांना घरच्यांनी सोडवलं, पण इटलीत पाय ठेवायचा नाही अशी अट! कमाल ना?

आई खूप खूश आहे. शेजारच्या सरलामावशींना रोज सांगते, आमचे हरलेले भावजी आले एकदाचे.

लोभ दिल्लीच्या गर्मीसारखा वाढू दे.

तुमची वीणा

पुणे
१९ ऑगस्ट

चि. वीणास आशीर्वाद.

पत्र मिळालं. रोमच्या लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बर्फात गोळ्या संपल्यावर हात वर केले, हे मी कुणाकुणाला समजावत बसू? वहिनी म्हणाल्या त्यात खोटं नाही. फक्त त्यांच्या तोंडून यायला नको होतं.

दिल्लीचं तिकीट परत केलंय. बरा झालो की लांबचं पोस्टिंग मागून घेईन. दादाला म्हणावं, मला न्यायला येऊ नकोस.

शशिकांत

आर. के. पुरम
२३ ऑगस्ट

ती. शशीकाका,
शि. सा. न. वि. वि.

प्लीज हे पूर्ण वाचा, फाडू नका. तुमचं पत्र वाचून आई पोळ्या टाकायची थांबली. मला विचारलं, कार्टे, तू नक्की काय लिहिलं होतंस? मी सांगितलं, तर ती रडायलाच लागली. ती हरवलेले भावजी म्हणते, काका! तुमची मिसिंगची तार आली होती ना, तेव्हापासून. मला वाटलं दोन्ही एकच. गरुडांचं पण मी तसंच लिहिलंय, बघा ना.

आई म्हणाली, एक व खाऊन माझा दीर घालवलास. ती स्वतः लिहायला बसली होती, पण दोन कागद फाडून पेन माझ्याकडे दिलं. तिने सांगायला लावलंय की जिंकलात का हरलात, हे या घरात कोणी विचारलंय? जेवायला कधी येताय तेवढं कळवा. तुमच्या पत्राखाली लोभाची ओळ नव्हती, बाबा तिथेच बोट ठेवून बसलेत.

रागवा, पण लोभ बंद करू नका.

वीणा

पुणे
२८ ऑगस्ट

चि. वीणास अनेक आशीर्वाद.

नवीन तिकीट काढलंय. पुढच्या शुक्रवारी सकाळी पोचतो. पाय अजून बुटात नीट जात नाहीत, तेव्हा दादाला स्टेशनवर घाई करू देऊ नकोस. वहिनींना सांग, पेशंट म्हणून तिखट कमी घालू नका, तिकडे नुसत्या मुळ्याच्या पाण्यावर दिवस काढलेत. आणि इटलीबाहेर ठेवलेल्या त्या सैनिकांचं पुढे काय झालं, ते पुस्तकात शोधून ठेव. नसेल लिहिलेलं, तर तसं सांग.

सगळ्यांवर लोभ होता तसाच आहे.

तुझा काका

ता. क. स्टेशनवर हार आणू नका. माझी मी घेऊन येतोय.