खोडवा न फुटणारं झाड

आबा, शेडनेटचा सांगाडा मी स्वतः उभा केला, पाइप कापण्यापासून वेल्डिंगपर्यंत. ठिबक माझ्या हातची, पाण्याची टाकी माझ्या हातची, रोपांचे ओटे, खताचा हौद, फाटकावरची पाटी आणि तिच्यावरची अक्षरंसुद्धा. कुणाकडे शिकायला गेलो नाही. आपल्या या मुरमाड माळावर मी शोभेचे पाम वाढवतो आणि ते नीट वाढतात. बुडाशी पाणी तुंबू द्यायचं नाही, झावळी आपोआप सुटेपर्यंत ओढायची नाही, आणि मधल्या कोंबाला कधीच हात लावायचा नाही. हे शेवटचं तेवढं मला तुमच्यामुळे कळलं.

तुम्ही, आई आणि मी, आपण तिघं ऊसतोडीला जायचो, तेव्हा कारखान्याच्या फाटकापाशी बॉटल पामच्या दोन रांगा होत्या. गाड्या वजनाला लागल्या की मी त्यांच्याकडे बघत बसायचो. खाली पडलेल्या जांभळट बिया वेचल्या, गर चोळून काढला, गावी आल्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या. दोन जगल्या. त्या मी दाराच्या दोन बाजूंना लावतोय, दोरी धरून, एका रेषेत, आणि तुम्ही उंबऱ्यावर तंबाखू मळताय. "ह्याला फळ न्हाई, सावली न्हाई. शोभा काय खायाची व्हय रं?" आई आतून म्हणते, "कारखान्याचा मालक झालाय त्यो. आता वजनकाटा बी बसवील दारात."

झाडं तुमच्या डोक्यावर गेली त्या वर्षी पाऊस आला नाही. मी पाथर्डीला बाजाराला गेलो होतो. परत आलो तर डावीकडचा पाम वरून उडवलेला, आणि बैल त्याच्या झावळ्या चघळतोय. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, वाढं, तोडून जनावरापुढे टाकायचं, ही तुमची जन्माची सवय. कोयता आपोआप तिथेच पडायचा. तुम्ही म्हणालात, "बघतो काय आसा? बुडखा ठिवलाय की. खोडवा फुटंल." तोडलेला ऊस बुडख्यातून पुन्हा फुटतो, तसा. या पामाला कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं. पण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. मीही वाट पाहिली.

त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी होतं. आंघोळ झाली की तुम्ही उरलेलं पाणी त्या बुडख्याला घालायचात. उजवीकडच्या जिवंत झाडाला नाही, त्याला. अंगठ्याने वरचा काप दाबून बघायचात. आई म्हणायची, "आवं, मेलंय त्ये." "व्हय, तुला लई कळतं," म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. पोळ्याच्या सुमाराला तुम्ही त्याला पायाने नुसतं लोटलंत आणि तो आडवा झाला. आतून पार कुजला होता. तुम्ही तो उचलून बांधावर टाकलात.

पुढच्या हंगामाला मी मागे थांबलो होतो. तुम्ही परत आलात ते टॉवेलात एक गाठोडं घेऊन. "घे, तुझ्या शोभंच्या बिया." निम्म्या हिरव्या होत्या, घोसातून ओरबाडलेल्या. कच्ची बी उगवत नाही. मी त्या तुमच्यादेखत बाजूला काढल्या आणि का काढल्या तेही सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि हात धुवायला गेलात. तेवढं नंतर करता आलं असतं, पण कच्चं ते कच्चंच. पिकलेल्या बियांतून माझा पहिला वाफा झाला. नर्सरी तिथून सुरू झाली.

तुम्ही गेलात तेव्हा उजवीकडचा पाम जेमतेम पत्र्याला टेकला होता. आता घराच्या दुप्पट आहे, खोड सिमेंटच्या खांबासारखं गुळगुळीत. डावीकडे मी काही लावलं नाही. गिऱ्हाईकं विचारतात, एकच का? मी म्हणतो, एकच आहे. गेल्या आठवड्यात भंडारदऱ्याच्या वाटेवर हॉटेल बांधणारा एक जण आला. इतकी रोपं दाखवली, पण त्याला हॉटेलच्या फाटकाशी हाच हवा होता. बायको मला आत बोलावून म्हणाली, "आवो, देऊन टाका. वावटळीनं नेट फाटलंय. आन् झाड काय, तुमाला पुन्हा लावता येतं की." तिचं बरोबर होतं. मी बाहेर येऊन त्याला सांगितलं, एवढं झाड हलवलं तर जगत नाही.

हा कागद पावत्यांच्या गठ्ठ्याखाली राहील, कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. ते खोटं होतं. याहून मोठे पाम मी क्रेनने हलवलेत, मुळांचा गोळा गोणपाटात बांधून, झावळ्या वर आवळून. एकही मेलेला नाही. हॉटेलवाला मोटारीत बसता बसता पुन्हा बोलला, क्रेनचा खर्च त्याचा, खड्डा बुजवायचा खर्च त्याचा, आणि वर, एका शोभेच्या झाडाचे, पंच्याऐंशी हजार. मी नको म्हणालो.