सात वाजून दहा मिनिटं

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची! पांढरकवड्याहून सकाळची बस, मग आदिलाबादला बदलून गुडीहत्नूर. पैनगंगेच्या पुलावरून जाताना उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं. घरापासून दूर, पहिलीच नोकरी. अमरदीपदादाला फोन केला तर म्हणाला, पुलापलीकडे गेलीस म्हणजे काही परदेशात गेली नाहीस.

जिनिंग मिल, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, हायवेपासून आत आहे. आवारात कापसाचे ढीग, गाड्यांची रांग, केसांत, भुवयांवर, सगळीकडे रुई. ऑफिसच्या मागे मला एक खोली दिलीय. बयनाबाई इथल्या कामगार बायांचा स्वयंपाक करतात. त्यांनी गरम भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली आणि मी लाजले तरी तिसरी भाकर ताटात टाकली.

मॅनेजर प्रवीणभाऊंनी काम समजावून सांगितलं. आवारातल्या भोंग्यावरून दर तासाला वार, तारीख आणि वेळ सांगतात, आधी तेलुगूत, मग मराठीत. मध्येच 'गाडी पुढे घ्या', 'गोदाम क्रमांक दोन' अशा सूचनाही. तेलुगू आवाज विकत घेतलेला आहे. मराठी आवाज माझ्याआधीच्या ऑपरेटर मुलीचा, रूपालीचा. तिनं आकडे, वार, महिने सुटे सुटे रेकॉर्ड केले आणि प्रोग्रॅमही तिनंच लिहिला. पण वेळ चुकते. ती मुलगी बेजबाबदार होती, सीझन संपल्यावर एप्रिलमध्येच न सांगता निघून गेली, असं प्रवीणभाऊ म्हणाले.

आवाज मात्र छान आहे तिचा. स्वच्छ, थोडा हसरा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चुका सापडल्या, दोन्ही साध्या. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर तारीख-वेळ मांडायची सोय आयती येते. घड्याळाची वेळ द्यायची आणि ती कशी लिहायची ते खुणांनी सांगायचं. टक्क्याच्या खुणेपुढे छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. एका जागी मोठा पडला होता, म्हणून महिन्याच्या जागी मिनिटांचा आकडा जायचा आणि शून्यावा महिना काही रूपालीनं रेकॉर्ड केला नव्हता. दुसरी चूक, यंत्र ग्रीनिचची वेळ धरत होतं, आपल्या साडेपाच तास मागची. दोन ओळी बदलल्या. दुपारी भोंगा अगदी बरोबर बोलला आणि रांगेतल्या दोघांनी आपापली घड्याळं लावून घेतली. मला कोण आनंद!

भोंग्याच्या खांबाखाली एक म्हातारे बसलेले असतात. त्यांची गाडी नाही, कापूस नाही. बयनाबाईंना विचारलं. म्हणाल्या, ते नागोराव, तामसीकडचे, रूपालीचे वडील. रोज बसनं येतात आणि शेवटच्या बसनं जातात.

लेक न सांगता निघून गेली म्हणून बाप इथं येऊन बसतो, हे काही मला पटलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज बारा वाजता तेलुगूत सगळं बरोबर. मराठीत रूपाली म्हणाली, "शनिवार, चौदा जून, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे."

मी धावत आत गेले. प्रोग्रॅमनं पाठवलेला मजकूर पाहिला, चौदा नोव्हेंबर, दुपारी बारा. तोच मजकूर दोन्ही आवाजांना जातो. मग एक बरोबर आणि एक चूक कसा? कोणी दुसरी वायर जोडून माझी गंमत करतंय असं वाटलं. खांबापासून ऑफिसपर्यंत सगळी वायर पाहिली. एकच आहे.

एकला परत तेच, चौदा जून, सात वाजून दहा.

मला वाटलं प्रवीणभाऊ ओरडतील. ते ओरडले नाहीत. चेहरा रुईसारखा पांढरा झाला होता. त्यांनी मला विचारलं की तुला ही तारीख कोणी सांगितली. तारीख चुकली याचा राग मी समजू शकते. पण कोणी सांगितली?

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रवीणभाऊंनी आज मराठी आवाज काढून टाकायला सांगितला. ते कानावर गेलं असावं, कारण नागोराव पहिल्यांदाच ऑफिसच्या दाराशी आले. टोपी हातात घेऊन उभे.

"बाई, आवाज नका काढू," ते म्हणाले. "तेवढाच राह्यला आमच्यापाशी."

मी त्यांना बाहेर चहाला नेलं. ती एप्रिलमध्ये गेली ना, असं विचारलं. एप्रिलमध्ये नाही, जूनमध्ये, ते म्हणाले. मिल बंद झाल्यावरही मशीनचं काम आहे म्हणून प्रवीणभाऊंनी तिला ठेवून घेतलं होतं. जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी तिनं घरी फोन केला होता, की नोकरी सोडून राह्यली, संध्याकाळच्या बसनं येऊन राह्यली. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवरून निरोप आला, मी माझ्या मर्जीनं गेले, शोधू नका. त्यांनी पोलीस ठाण्यात दरखास्त, म्हणजे तक्रार दिली. मुलगी सज्ञान आहे, निरोप आहे, असं उत्तर मिळालं.

परत येऊन मी तिच्या प्रोग्रॅमची मूळ फाइल पाहिली, माझ्या बदलांआधी बाजूला ठेवलेली. शेवटचा बदल चौदा जून, दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटं. पण हे यंत्र ग्रीनिच धरायचं. साडेपाच तास मिळवले. सहा पंचावन्न.

म्हणजे त्या संध्याकाळी सहा पंचावन्नला ती इथं, याच खुर्चीत होती. प्रवीणभाऊ खोटं बोलतात.

आवाज मी काढला नाही. काढायला दोन दिवस लागतील असं सांगितलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आता ती आणखी बोलते. "चौदा जून, सात वाजून दहा मिनिटे. गोदाम क्रमांक चार."

वापरात तीनच गोदामं आहेत. चौथं सरकीचं, मागच्या भिंतीला. त्याला कुलूप आहे. इतका माल येतो, बाहेर ताडपत्रीखाली ढीग पडलेत, तरी ते उघडत नाहीत. मी तिकडे निघाले तर बयनाबाई आडव्या आल्या.

"तुमी तिकडं काऊन जाता?"

मी त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मग त्या हळूच बोलल्या. जूनमध्ये मिल बंद असताना प्रवीणभाऊंनी चौथ्या गोदामात सिमेंट टाकलं होतं. मजूर न लावता, स्वतःच्या हातानं. बयनाबाईंनी ते पाहिलं, आणि त्यांनी बयनाबाईंना पाहिलं. तेव्हापासून त्या गप्प आहेत. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, मिलच्याच खोलीत राहतात. कुठं जातील?

संध्याकाळी प्रवीणभाऊ माझ्या टेबलाशी येऊन बसले. नवा मराठी आवाज मीच द्यावा म्हणाले. माझा आवाज गोड आहे म्हणाले. उठताना खांद्यावर हात ठेवला आणि लवकर काढला नाही.

मी नाही म्हटलं.

रूपालीही नाही म्हणाली असेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

प्रवीणभाऊंनी भोंग्याची वायर कापली. सगळ्यांसमोर, विळ्यानं.

दोन वाजता भोंगा बोलला.

रांगेतल्या गाड्यांचे बैल बिथरले. नागोराव खांबाला धरून उभे होते, ओठ हलत होते. तिच्या मागोमाग तेच शब्द म्हणत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. फाइलची वेळ, सिमेंट. ते रडले नाहीत. उद्या गावातली माणसं घेऊन ठाण्यात जातो म्हणाले. मला म्हणाले, "पोरी, तू आजच निघ." पण पगाराशिवाय, सामान टाकून — आणि बयनाबाईंना एकटं कसं सोडू? रविवारी मिल बंद असते. दादा न्यायला येतोय, रविवारी.

प्रवीणभाऊ खिडकीतून आमच्याकडे बघत होते.

रविवार, २३ नोव्हेंबर

आवारात कोणी नाही. बयनाबाईंना प्रवीणभाऊंनी काल सुट्टी देऊन, नवऱ्यासकट गाडीत घालून माहेरी पाठवलं. बयनाबाईंनी जाताना मागे वळून पाहिलं.

नागोरावांचा पत्ता नाही. ठाण्यातून कोणी आलं नाही.

दादा संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता. माझा फोन ऑफिसात चार्जिंगला होता. ऑफिसला कुलूप. मोठ्या फाटकालाही. मी हाका मारल्या. हायवेवरून ट्रक जातात, त्यांना काय ऐकू येणार.

नंतर —

अंधार पडला. दाराला आतून कडी घातलीय. पलंग सरकवून लावलाय.

मशीन बंद आहे. वायर कापलेलीच आहे, मी खिडकीतून बघतेय, टोक लोंबतंय.

भोंगा बोलला. आधी तेलुगू नाही, नुसतं मराठी. "रविवार, तेवीस नोव्हेंबर —"

आजची तारीख. तो चौदा जून सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आजची. "सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. गोदाम क्रमांक चार."

माझ्या घड्याळात सात वाजायचे आहेत अजून.

ती मला सांगतेय. लपायला सांगतेय, की —

फाटक वाजलं. दादा असेल. दादा असेल तर हाक मारेल. हाक का मारत नाही —

कुलूप किल्लीनं उघडलं. दादाकडे किल्ली नाही.

पावलं ऑफिसकडून. सावकाश.

पुन्हा बोलतोय भोंगा. तेच, रविवार, तेवीस — पण हा तिचा आवाज नाही. हसरा नाही. घाबरलेला. मी ओळखते हा — मी कधीच काही रेकॉर्ड केलेलं नाही, एक शब्दही नाही, तरी हा मा—